उशाशी मेळघाट आणि तिकिटे मनालीची

फाल्गुन सरत आला की बुऱ्हाणपुरातील आपल्या मराठी घरांतून सहलीची बोलणी सुरू होतात. मुलांच्या परीक्षा कधी संपणार, रजा किती मिळणार, पंजाब मेलचे आरक्षण कोणी काढायचे, इथपासून प्रारंभ होतो आणि शेवट बहुधा ठरलेला असतो : मनाली, नैनिताल, नाहीतर कॉर्बेट. डोंगर हवा, गारवा हवा, राष्ट्रीय उद्यान हवे आणि जमल्यास वाघही हवा. ह्या मागण्यांत गैर काही नाही. मात्र ज्यांच्या गच्चीवरून सातपुड्याची रांग दिसते, त्यांनी ह्या सगळ्यासाठी दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करावा आणि शेजारच्या गुगामल राष्ट्रीय उद्यानाचे नावही घरातल्या कोणास ठाऊक नसावे, हे आम्हांला पटत नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

गुगामल हा मेळघाटचा गाभा. १ एप्रिल १९७३ रोजी देशात व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला, त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाट होते. बुऱ्हाणपूरहून देडतलाईमार्गे धारणी आणि पुढे हरिसाल, सेमाडोह. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सिपना नदीच्या काठी पोहोचतो. तरीही हा विषय काढला की तीन आक्षेप हटकून ऐकू येतात.

पहिला असा की, ‘ते महाराष्ट्रात आहे, आपल्याला त्याचे काय?’ हा आक्षेप मराठी माणसाच्या तोंडी यावा ह्याची गंमत वाटते. १७६० साली उदगीरच्या तहाने बुऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले. १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने ऑक्टोबरात शिंद्यांचा असीरगड घेतला, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला त्याच्या व वेलस्लीच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड जिंकला. हा गाविलगड चिखलदऱ्याच्या अंगाशीच आहे. दोन किल्ले, एक डोंगर, एकच मोहीम. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मेळघाट आणि बुऱ्हाणपूर एकाच राज्यात होते आणि दोहोंची राजधानी नागपूर होती. आपल्या वडीलधाऱ्यांनी कचेरीच्या कामासाठी नागपूरच्या वाऱ्या केलेल्या आहेत. सीमा कागदावर पडली, डोंगर काही दुभंगला नाही.

नदी तर त्याहून नाहीच. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार ह्या मेळघाटच्या पाच नद्या तापीला मिळतात आणि ती तापी आपल्या राजघाटाखालून वाहते. ज्या पाण्यात आपण कार्तिकस्नाने केली आणि वडिलांच्या अस्थी सोडल्या, त्यातला मोठा वाटा ह्या सागवनांनी पावसाळ्यात धरून ठेवून सावकाश सोडलेला असतो. मोगलांना हे आपल्यापेक्षा अधिक कळत होते. खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज ह्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याकडचे झिरपते पाणी भूमिगत नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. बाहेरचा पाहुणा आला की कुंडी भंडाऱ्यापाशी आपण अभिमानाने त्याला ही कथा सांगतो. ते पाणी ज्या डोंगरावर मुरते, त्याची चौकशी मात्र करीत नाही.

दुसरा आक्षेप उन्हाचा. तो अर्धा खरा आहे. चिखलदरा साधारण अकराशे मीटर उंचीवर आहे, तिथे संध्याकाळी वारा गार असतो. पण सेमाडोह-कोलकासच्या खोऱ्यात वैशाखात ऊन तापतेच. मनालीचा बर्फ तिथे मिळणार नाही, हे आम्ही स्वच्छ सांगतो. म्हणूनच जायचे ते मे महिन्यात नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाशी, चैत्रात जावे. साग निष्पर्ण झालेला असतो, त्यामुळे डोंगराचा सांगाडा, त्याच्या घळी आणि कोरडे ओढे स्पष्ट दिसतात. कुसुमाला तांबडी पालवी फुटलेली असते, पळस ओसरत आलेला असतो, आणि पहाटे कोरकू बायामुले मोहाची फुले वेचताना आढळतात. ज्या भाषेत ती आपसांत बोलतात ती ना मराठी, ना हिंदी. संथाळी-मुंडारीच्या कुळातली, त्या कुळाची अगदी पश्चिमेकडची भाषा आहे. साहित्यावर प्रेम करणाऱ्या मंडळींना आपल्या शेजारी अशी भाषा नांदते हे कधी जाणून घ्यावेसे वाटू नये?

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका : ‘तिथे वाघ दिसत नाही.’ राज्य शासनाच्या नोकरीत आम्ही जंगलांतील विश्रामगृहांच्या नोंदवह्या पुष्कळ चाळल्या. अभिप्रायाच्या रकान्यात बहुतेक थोरामोठ्यांनी एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेले असे : भोजन उत्तम, वाघ दिसला नाही. जणू वाघ हा खानसाम्याच्या अखत्यारीतला पदार्थ! मेळघाट डोंगराळ आहे, घळींचे आहे. तिथला वाघ सपाटीवरच्या वाघासारखा गाडीरस्त्यावर येऊन बसत नाही. पण तिथे रानपिंगळा आहे. १८७३ साली ह्यूमने नोंदविलेले हे चिमुकले घुबड १८८४ नंतर कोणास खात्रीने आढळले नव्हते आणि जगातून नाहीसेच झाले असे मानले जात होते. १९९७ च्या नोव्हेंबरात ते सातपुड्यातच, शहाद्याकडच्या रानात, पुन्हा सापडले. नंतर मेळघाटात आणि आपल्या खंडवा-बुऱ्हाणपूरकडील जंगलांतही आढळले. जगात फक्त भारतात उरलेला हा पक्षी दिवसाही हिंडतो. त्याच्यासाठी कोणी जिप्सीच्या रांगेत उभे राहत नाही.

वाघाच्या हट्टाला आमचा विरोध आहे त्याचे आणखी एक कारण आहे. ह्या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे अरण्याच्या गाभ्यातून उठवून बाहेर वसविण्यात आली. मागाहून इतरही गेली. वाघाला निवांतपणा मिळावा म्हणून ज्यांनी घरदार आणि गावदेव सोडले, त्यांच्या मोकळ्या केलेल्या माळावरून आपण गाड्यांचे ताफे न्यायचे, आणि पट्टेदार धूड दिसले नाही म्हणून वाटाड्यावर डाफरायचे, हे कोणत्या न्यायात बसते? पुनर्वसन योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे, तो इथे संपणार नाही. परंतु त्यांच्या त्यागावर आपली करमणूक उभी राहू नये, एवढे तरी कबूल करावे.

कोणी म्हणेल, सहलीसारख्या सहलीवरून एवढा त्रागा कशाला? त्याचे उत्तर नेपानगरच्या बाजूला आहे. तिथला कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केला आणि सातपुड्यातल्या सालई-बांबूंचा वृत्तपत्री कागद होऊ लागला. आपल्या पिढीने वर्तमानपत्र वाचले ते ह्या डोंगराच्या जिवावर. त्याच परिसरात २०२२-२३ मध्ये अतिक्रमणासाठी बेसुमार वृक्षतोड झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये वनचौकीतील बंदुका लुटण्यापर्यंत मजल गेली. तेव्हा आपल्या बैठकांतून किती चर्चा झाली ते ज्याचे त्याने आठवावे. आम्हांला आठवते ती त्या उन्हाळ्यात काश्मीरच्या हवाई भाड्यावर झालेली. जे रान डोळ्यांनी पाहिलेलेच नाही, त्याच्यासाठी जीव तुटावा तरी कसा? आपली नातवंडे बियास नदीचे छायाचित्र ओळखतात. सिपनेचे नाव त्यांना सांगून पाहा.

तेव्हा येत्या चैत्रात मोठी आरामबस नको, एक साधी मोटार पुरे. पंधरा माणसे, त्यांत निम्मी शाळकरी. पहिला मुक्काम सेमाडोहला, वनखात्याच्या निवासात, आरक्षण आधी करून. दुसरा चिखलदऱ्यास, गाविलगडाचे दरवाजे उन्हे चढण्यापूर्वी पाहण्यासाठी. शिधा धारणीच्या बाजारात घ्यावा म्हणजे चार पैसे तिथे राहतील. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी घरचे फिरकीचे तांबे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी यायचे असल्यास काडेपेटी बुऱ्हाणपुरातच ठेवून यावे. चैत्रातले वाळके गवत एका ठिणगीने पेटते आणि मग वणवा दोन दोन दिवस विझत नाही. येताना मुलांना धारणीच्या अलीकडे तापीच्या पात्रात उतरवावे आणि हेच पाणी आपल्या घाटावर किती दिवसांनी पोहोचेल, त्याचा हिशेब त्यांनाच करू द्यावा.