सायकल पुन्हा रस्त्यावर



ऊसतोड सुरू झाली की आपल्या रस्त्यांचं रूप पालटतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागून एक धावतात आणि त्याच रस्त्यानं आपली पोरं सायकलवरून शाळेला जातात. गेल्या हंगामात माझ्या पुतणीच्या सायकलचं हँडल ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाला अडकलं आणि पोर कडेच्या चारीत फेकली गेली. कोपर, गुडघे सोलवटले. तेवढ्यावर निभावलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती सायकलला हात लावीना.

शाळा ४ किलोमीटर लांब. एसटीची वेळ जुळत नाही. आमची आई म्हणाली, "पुरे झाली शाळा. पोरीचं काही बरंवाईट झालं म्हणजे?" भाऊ म्हणाला, "भित्री कुठली! बस आत्ताच सायकलवर." पोर फाटकापर्यंत गेली आणि रडत माघारी आली.

आता मला सांगा, तुमचा खोंड पुलावर बुजला तर तुम्ही काय करता? चाबूक ओढून पलीकडे नेता का? नाही. कासरा हातात घेऊन उभे राहता, त्याला बघू देता, उद्या चार पावलं पुढं नेता. जनावराला जी सवड देतो, ती लेकराला का देऊ नये?

आम्ही तसंच केलं. आधी तिला बरोबर घेऊन सायकल दुकानात नेली. हँडल सरळ केलं, ब्रेकची झिजलेली रबरं बदलली, मागं लाल रिफ्लेक्टर लावला. थांबल्यावर चवडे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घेतली.

मग चार दिवस शाळेचं मैदान. ठरल्या खुणेपाशी थांबायचं. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी मागचा, मग पुढचा हळूहळू. मागं वळून बघताना हँडल सरळ ठेवायचं. हेच तिला जमत नव्हतं. नजर जिकडं, तिकडं हँडल! दोन दिवसांत जमलं.

पुढं पाणंदीत भावानं आपलाच रिकामा ट्रॅक्टर सांगून-सवरून, अंतर ठेवून, हळू तिच्याजवळून नेला. पहिल्यांदा ती उतरली. तिसऱ्यांदा बसून राहिली.

रविवारी सकाळी मोठ्या रस्त्याला लागलो. मी मागून माझ्या सायकलवर. पडल्या जागी ती उतरली, चारीकडं बघितलं, थोडं चालली आणि पुन्हा बसली. सोमवारी मैत्रिणीबरोबर शाळेत गेली. आई दारात उभी होती, पण अडवलं नाही.

मुलांना एवढं जरूर शिकवा. मागून ऊसगाडी येतेय असं कळलं की डांबरावर जागेसाठी झगडू नका. डांबराची कड उंच असते. धावत्या सायकलनं ती उतरू-चढू नका, चाक घसरतं. आधीच थांबा, उतरा आणि सायकल साइडपट्टीच्या पार कडेला घ्या. पुढची ट्रॉली गेली म्हणून निघू नका, मागची अजून यायची असते. वळणावर ट्रॉली आतल्या अंगाला येते. तिथं आत शिरू नका.

आणि ट्रॅक्टरवाल्या बंधूंनो, ती ट्रॉली आपल्यातल्याच कुणाची तरी होती. बाहेर आलेला ऊस कोयत्यानं छाटा, बांधणी घट्ट करा, ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर लावा. शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी जरा दम धरा.

एक सावधगिरीची गोष्ट. पडल्यावर डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. भीतीनं महिनाभरानंतरही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तरी डॉक्टरांना दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आमची पोर अजून मोठ्या हॉर्नला दचकते. दचकते, उतरते, गाडी गेली की पुन्हा बसते. तेवढं पुरे आहे.

आज संध्याकाळी घरातल्या सायकलचे ब्रेक एकदा दाबून बघा. रामराम!