काळ्या रंगाचे औषध

मुलगी लग्नाची झाली की घरात पहिली चर्चा रंगाची होते. "शिकलेली आहे, नोकरीला आहे, पण जरा सावळी आहे," हे वाक्य आपल्या चाळींत आणि वस्त्यांत कोणी ऐकले नाही? मग गोरे करणाऱ्या मलमाची ट्यूब घरात येते आणि दर महिन्याला किराण्याच्या पैशांतून तिची किंमत वजा होते. म्हणून वाचकहो, आज आम्ही तुम्हाला एका उलट्या औषधाची हकिकत सांगणार आहोत. हे औषध माणसाला गोरे करीत नाही, काळे करते. आणि ते मिळावे म्हणून काही रुग्णांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे.

आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. उन्हातील घातक किरणांनी कातडीला इजा होऊ लागली की शरीर एक निरोप तयार करते. हा निरोप म्हणजे १३ अमिनो आम्लांची छोटी साखळी. अशा साखळीला शास्त्रज्ञ पेप्टाइड म्हणतात. हा निरोप पोहोचला की रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवितात आणि ते आतल्या पेशींवर छत्रीसारखे पसरते. बांधकामावर राबणाऱ्या बाईचे हात आणि हातगाडी ओढणाऱ्याची पाठ काळवंडते ती यामुळे. तो मळ नव्हे की कमीपणा नव्हे. तो शरीराने स्वतःच केलेला बंदोबस्त आहे.

अमेरिकेतील ॲरिझोना हा रणरणत्या उन्हाचा मुलूख. गोऱ्या कातडीच्या लोकांना तेथे कातडीच्या कर्करोगाचा धोका मोठा. तेथील विद्यापीठात मॅक हॅडली, व्हिक्टर ह्रुबी आणि त्यांचे सहकारी या निरोपाचा अभ्यास करीत होते. नैसर्गिक निरोप रक्तात फार काळ टिकत नाही. १९८० साली या मंडळींनी १३ पैकी २ अमिनो आम्ले बदलून बनविलेली नवी साखळी जाहीर केली. ती मूळ निरोपाहून कितीतरी प्रभावी होती आणि जास्त वेळ टिकणारी होती. ऊन न खाता कातडी काळी करावी आणि कर्करोग टाळावा, असा विचार त्यातून पुढे आला. या औषधाला आज अफामेलॅनोटाइड म्हणतात.

पण त्याचा खरा उपयोग वेगळ्याच रुग्णांना झाला. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया नावाचा एक दुर्मीळ, जन्मजात विकार आहे. रक्तातील हिमोग्लोबिन बनताना एक पायरी अडते आणि प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य साचत जाते. त्यावर उजेड पडला की काही मिनिटांतच कातडीची आग आग होते आणि ती कित्येक दिवस शमत नाही. खिडकीच्या काचेतून येणारा उजेडही बाधतो. अंगावर बहुधा फोड उठत नाहीत. त्यामुळे लहान मूल रडू लागले की "नाटक करतो" असे मोठ्यांना वाटते. अशी मुले मैदानात खेळत नाहीत, सावलीतच मोठी होतात.

या रुग्णांच्या कातडीखाली, कमरेच्या हाडाच्या वर, तांदळाच्या दाण्याएवढी १६ मिलिग्रॅमची कांडी बसवितात. ती आपोआप विरघळते आणि ऊन न लागताही कातडीत मेलॅनिन वाढते. मूळ विकार जात नाही, पण छत्री मिळते. अमेरिकेत ९४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. औषध घेतलेला मधला रुग्ण सहा महिन्यांत सुमारे ६९ तास वेदनेशिवाय उन्हात राहू शकला. खोटी कांडी दिलेल्यांत हा आकडा सुमारे ४१ तास होता. युरोपने या औषधाला २०१४ साली आणि अमेरिकेने २०१९ साली मान्यता दिली. मात्र त्याची किंमत एवढी की इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी त्याची शिफारस करण्यास २०२३ साली तेथील तज्ज्ञ संस्थेने नकार दिला.

आता आपल्या घरातली गोष्ट. कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच रंगपेशी नष्ट करते. हे औषध कोडावर चालेल का, याचाही शोध सुरू झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ५५ रुग्णांच्या चाचणीत काहींना नुसते प्रकाशकिरणांचे उपचार दिले, काहींना त्याबरोबर ही कांडी दिली. कांडीवाल्यांत रंग जास्त परतला, आणि गडद कातडीच्या रुग्णांना फायदा अधिक दिसला. पण भोवतालची चांगली कातडीही आणखी काळी होते, हे ध्यानात ठेवावे. कोडावरचे मान्य औषध म्हणून त्याच्याकडे अजून पाहता येणार नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. कोड स्पर्शाने पसरत नाही. ते पाप नाही, कोणाचा शापही नाही. कोड आहे म्हणून मुलीचे लग्न मोडणे हा अन्याय आहे. अंगावर फिका डाग दिसला तर तो झाकू नका, सरकारी रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. डाग बधिर असेल तर मुळीच उशीर करू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो आणि ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आणखी एक इशारा. याच जातीचे 'मेलॅनोटॅन-२' नावाचे द्रव्य परदेशात इंजेक्शन व नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात चोरून विकले जाते. त्याला औषध म्हणून मान्यता नाही. त्याने मळमळ होते, अंगावरचे तीळ काळे पडतात, बदलतात. कोणी नातेवाईक आखाताहून किंवा विलायतेहून "डागावरचे औषध" म्हणून असली बाटली आणील, तर ती डॉक्टरांना दाखविल्याशिवाय टोचून घेऊ नका.

एका बाजूला मेलॅनिन वाढावे म्हणून रुग्ण कातडीखाली कांडी बसवून घेतात. दुसऱ्या बाजूला आपल्या लेकी तेच मेलॅनिन घासून काढायला बसल्या आहेत. माता-भगिनींनो, पुढच्या वेळी पाहुणे रंगाविषयी बोलले तर मुलीला मान खाली घालू देऊ नका. मलमाचे पैसे तिच्या पुस्तकांना लावा.