शिलालेखाचा ठसा आणि भोवतालची जमीन

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'भारत श्री' या शिलालेख-संग्रहाची घोषणा झाली. पहिल्या टप्प्यात १ लाख प्राचीन लेखांचे डिजिटलीकरण व्हायचे आहे. म्हैसूरला पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा आहे. ओला कागद शिळेवर थापून, शाई फिरवून घेतलेले हजारो ठसे तिथे जपलेले आहेत. घोषणा स्वागतार्हच. तरीही केवळ लेखांची संख्या वाढवून भागणार नाही. लेखाबरोबर त्याच्या परिसराचीही नोंद हवी, असे माझे मत आहे.

परिसराचे मोल अफगाणिस्तानातल्या आय-खानूमवरून कळते. अमूदर्या आणि कोकचा यांच्या संगमावरचे हे ग्रीकांचे सरहद्दीवरचे नगर. फ्रेंच पथकाने तिथे १९७८ पर्यंत उत्खनन केले. १९७० मध्ये राजवाड्यात अगाथोक्लीस राजाची ६ चांदीची नाणी सापडली, त्यांवर संकर्षण आणि वासुदेव यांच्या आकृती! मला मात्र झाँ-क्लोद गार्दँ यांनी केलेली भोवतालच्या मैदानाची पाहणी अधिक मोलाची वाटते. तिथले कालवे ग्रीकांच्या कितीतरी आधी, कांस्ययुगातच सुरू झाल्याचे तीतून दिसले. जवळच शोर्तुगाई ही हडप्पा संस्कृतीची वसाहतही उजेडात आली. पुढे युद्धकाळात लुटारूंनी नगर अक्षरशः चाळून काढले. तिथली जी नाणी बाजारात गेली ती मुकी झाली. कोणत्या खोलीतली, कोणत्या थरातली, हे आता कोण सांगणार?

जुन्या म्हैसूर संस्थानातली, आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातली ब्रह्मगिरी घ्या. १८९२ मध्ये बी. एल. राइस यांनी तिथला अशोकाचा लेख उजेडात आणला. इसिला येथील महामात्रांना उद्देशून असलेला हा मजकूर ब्राह्मीत आहे. शेवटी लेखनिक चपडाने 'लिपिकर' हा आपला हुद्दा तेवढा खरोष्ठीत लिहिला. ती लिपी वायव्येची, ग्रीक जगाच्या शेजारची, उजवीकडून डावीकडे जाणारी. ही अक्षरे ठशावर वाचता येतात. इसिला कसे होते, तिथल्या लोकांना पाणी कुठून मिळे, हे ठसा सांगत नाही. १९४७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी याच डोंगराच्या पायथ्याशी वस्ती आणि महापाषाणीय दफने खणली, तेव्हा कुठे लेखाभोवतीची माणसे दिसू लागली.

म्हणून प्रत्येक डिजिटल नोंदीत अक्षांश-रेखांश, खडकाचा प्रकार, जवळचे तळे, जुन्या वाटा आणि उत्खननाचा अहवाल असावा; आज ती जमीन कशाखाली आहे, शेत, खाण की रस्ता, हेही असावे. एकट्या पुराभिलेखज्ञाने हे होणार नाही. भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याच्याबरोबर पाठवावे लागेल, आणि सुरुवात ब्रह्मगिरीपासून करता येईल.