निर्वासितांची विद्या

घरदार सोडून परदेशीं आलेल्या मनुष्यास अन्न, वस्त्र व निवारा दिला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें तेथें तें अर्धेंच होतें. निर्वासिताजवळ विद्या असेल, तर तिला साजेसें काम त्यास मिळूं देणें हें उरलेलें अर्धें होय. आणि त्यांत देणाराचाच लाभ अधिक असतो.

इतिहास याची साक्ष देतो. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता येतांच जर्मनींतील ज्यू अध्यापकांस कायदा करून नोकरीवरून दूर करण्यांत आलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकारानें अशा विद्वानांस साह्य करणारी एक परिषद् स्थापन झाली. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ रदरफर्ड हे तिचे अध्यक्ष होते. त्या वर्षीं तेथें आलेले हान्स क्रेब्ज यांनीं पुढें शेफील्ड येथें, शरीर अन्नापासून शक्ति कशी मिळवितें, हें कोडें उलगडलें व १९५३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. अर्न्स्ट चेन हेही त्याच वर्षीं आले. ऑक्सफर्ड येथें पेनिसिलीनला औषधाचें रूप देण्यांत त्यांचा मोठा वांटा होता. त्या औषधानें किती प्राण वांचले याची गणती कोण करील?

परंतु याच इंग्लंडांत सुमारें २०,००० निर्वासित, बहुतेक स्त्रिया, घरकामाच्या परवान्यावर आल्या. त्यांतील कितीएक सुशिक्षित स्त्रियांस परक्याच्या घरीं भांडीं घांसावीं लागलीं. आपला देशही निर्दोष नाहीं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन् यांनीं निर्वासित शास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांस १९३५ सालीं बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत आणविलें. पण त्यांस कायमची जागा देण्याचा रामन् यांचा प्रयत्न विरोधामुळें फसला. बॉर्न एडिंबरोस गेले, आणि १९५४ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. आपण काय गमावलें, हें सांगावयास नको.

कोणी म्हणतील, परक्याची विद्या खरी कशावरून? डॉक्टराच्या हातीं तर रोग्याचा प्राण असतो. आक्षेप रास्त आहे. परीक्षा अवश्य घ्यावी. मात्र ती चाळणी असावी, भिंत नसावी. नवी भाषा शिकण्यास अवधि द्यावा, तयारीस साह्य करावें, आणि युद्धांत प्रमाणपत्रें जळालीं असतील तर कागदाऐवजीं ज्ञानच पारखून घ्यावें. आजही सीरिया, अफगाणिस्तान व युक्रेन येथून गेलेले कितीएक सुशिक्षित लोक परदेशीं मोटार हांकून वा ओझीं वाहून पोट भरतात. कष्टांत कमीपणा नाहीं. पण रोग्यांची रांग लागलेली असतां वैद्यानें ओझीं वाहावीं, हा शहाणपणा नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, धन्याचें धन जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा शुभवर्तमानांतील दृष्टान्त तुम्हीं ऐकला आहे. दुसऱ्याचें विद्याधन पुरून टाकणारा समाज त्या दासाहूनही अधिक दोषी होय. तुमच्या वर्गांत परप्रांतांतून अडखळत बोलणारा नवा सोबती आला, तर त्याच्या उच्चारावरून त्याची बुद्धि तोलूं नका. पालकांसही आमची हीच विनंति आहे. कारण परक्यास कसें वागवावें, हें मूल प्रथम घरींच शिकतें.