पुढच्या साथीआधी करायची कामं

उस्मानपुऱ्यातल्या घरमालकांनो, सोसायटीच्या चेअरमन-सेक्रेटरींनो आणि ग्रुपवर 'फॉरवर्ड' करणाऱ्या सगळ्यांनो, पुढची साथ कधी येईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ती आल्यावर दोष कुणाच्या माथी मारला जाईल, ते मात्र सांगता येतं.

मार्च २०२० मध्ये दिल्लीत मणिपूरच्या एका तरुणीच्या अंगावर एकानं 'कोरोना' म्हणत पानाची पिचकारी मारली. पुढच्या महिन्यात मुंबईत सांताक्रूझला दुचाकीवरून जाणारा एक जण मणिपूरच्याच तरुणीवर थुंकला. आजार वुहानचा आणि हिचे डोळे बारीक, एवढाच पुरावा. ईशान्येच्या लोकांना असा त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा, असं पत्र केंद्रीय गृह मंत्रालयाला २१ मार्चलाच राज्यांना धाडावं लागलं होतं. अमेरिकेतही आशियाई चेहऱ्यांना हेच सोसावं लागलं, तेव्हा आपण हळहळलो. तिथं आपली पोरं नोकरीला आहेत ना! इथं पार्लरमधल्या मुलीला 'ए मोमो' म्हटलं की ती मात्र गंमत.

आणि लांब कशाला जायचं? २१ ऑगस्ट २०२० रोजी आपल्याच शहरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं, कोरोना पसरवल्याचा ठपका बसलेल्या तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या २९ परदेशी नागरिकांवरचे, अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता दिसते, असं न्यायालयानं म्हटलं आणि माध्यमांतल्या प्रचारावरही ताशेरे ओढले. पण निकाल यायला ऑगस्ट उजाडला. तोवर भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीबाहेर काढण्याचे प्रकार देशात ठिकठिकाणी होऊन गेले होते.

यात बाईमाणसाचे हाल जास्त. विषाणू विमानातून आला, पण गेटवर अडवलं ते धुणीभांडी करणाऱ्या मावशींना. काही घरांनी पगार चालू ठेवला, त्यांचं भलं होवो. बाकीच्यांनी 'नंतर बघू' म्हटलं. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, पण ते नोंदणी झालेल्यांनाच. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा, तरी असंख्य मावशींचं नाव तिथं नव्हतंच. नोंदणीसाठी काम देणाऱ्याचा सहीचा दाखला लागतो आणि गाडं तिथंच अडतं. सही केली की आपल्यावर काहीतरी शेकेल, अशी मालकिणीला भीती. कसली भीती? पंधरा-पंधरा वर्षं घराची किल्ली जिच्या हातात देता, तिच्यासाठी एक सही होत नाही? १८ ते ६० वयाच्या मावशींची नोंदणी होते. या महिन्यात दाखला द्या आणि एक दिवसाची भरपगारी सुट्टीही द्या, कामगार कार्यालयात जायला.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत एक ठराव करून ठेवा: साथ आली तर गेटवरचे नियम रहिवासी, पाहुणे आणि कामाला येणाऱ्या बायका, सगळ्यांना सारखे. काम थांबवायची वेळ आली तर पगार थांबणार नाही. हे आत्ताच लिहून घ्या. भीतीच्या दिवसांत कुणी शांतपणे ठराव करत नाही.

खोली भाड्यानं देताना आधार कार्ड, भाडेकरार, पोलिसांकडची नोंद, जे मागायचं ते सगळ्यांकडून मागा. मुलगी इंफाळची आहे, नर्स आहे किंवा आडनाव वेगळं आहे, एवढ्यावरून 'खोली गेली' सांगू नका. सर्वेक्षणाला आलेल्या आशाताईंवर दार आपटू नका. साथीत आरोग्य कर्मचाऱ्यावर हात उगारणं हा २०२० च्या दुरुस्तीनंतर अजामीनपात्र गुन्हा आहे. कोरोनात त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

रस्त्यात कुणी एखाद्या मुलीला 'कोरोना' किंवा 'मोमो' म्हणून हिणवलं, तर त्या माणसाशी हुज्जत घालायची प्रत्येकाची ताकद नसते, मान्य. मग निदान तिच्या शेजारी जाऊन उभे राहा, ११२ ला फोन लावा आणि पोलिसांनी विचारलं तर पाहिलेलं सांगा. परगावची मुलगी एकटी ठाण्यात जायला कचरते. सोबत इथलं कुणी असलं, विशेषतः एखादी वयस्क बाई, तर तक्रार लिहून घेतली जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.