रविवारचे बंधुत्व आणि सोमवारची भाऊबंदकी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटावर बसायचे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. मी ख्रिस्ती घरात वाढलो. आमच्या अंगणात कारीट फुटत नसे. पण शेजारच्या काकूंच्या अंगणात ते फुटताना मी दरवर्षी पाहिले आहे, आणि त्यांच्या घरच्या चकल्या खाऊनच लहानाचा मोठा झालो आहे. आधी कडू, मग गोड, हा क्रम मला मोठा शहाणपणाचा वाटतो. तेव्हा वाचकहो, प्रस्तुत लेख हे कारीट समजावे. फराळ या अंकात पुढेमागे पुष्कळ आहे.

माझे भांडण माझ्याच माणसांशी, म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसांशी आहे. इतरांनी ते ऐकायला हरकत नाही. कारण ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे, ते बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन जात नाही, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. धर्मशास्त्राची पदवी मजपाशी नाही. मी मॅट्रिकपलीकडे गेलेलो नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात लहान मुलांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पण ज्या ग्रंथाविषयी बोलायचे, तो काही पदवीधरांची मिरास नव्हे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घालून बायबल सोप्या मराठीत उतरवले, ते कुणासाठी? चुलीपुढच्या बाईला ते आपले आपण वाचता यावे यासाठी. 1922 साली बाई गेल्या आणि 1924 साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते बायबल प्रसिद्ध झाले. आम्ही मात्र चुलीपुढचे पुस्तक उचलून दिवाणखान्यातल्या कपाटात, काचेआड नेऊन ठेवले. वर क्रोशाचा रुमाल घातला. झाले!

माझा आरोप साधा आहे. आम्ही बायबल मानतो, वाचतो, पाठ करतो. फक्त वापरत नाही. रविवारी उपासनेत आम्ही एकमेकांना ‘बंधू’ म्हणतो, आणि सोमवारी भाऊबंदकी करतो. ‘भाऊबंदकी’ हा शब्द तरी किती बोलका आहे पाहा! त्यात भाऊ आहे, बंध आहे, आणि अर्थ काय, तर कोर्टकचेरी. हा शब्द मराठीने कुणा परक्याकडून उसना आणलेला नाही. तो आपल्याच घरात पिकला.

मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायापासून पर्वतावरचे प्रवचन सुरू होते. त्यात येशू एक अडचणीची गोष्ट सांगतो. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत ये. बारकाई पाहण्यासारखी आहे. ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर’ असे तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हणतो. म्हणजे चूक कुणाची, मान कुणाचा, आधी कुणी बोलायचे, हे आमचे सारे वाद एका फटक्यात निकालात निघाले. ज्याला आठवले त्याने उठायचे. आता मला सांगा, अर्पणाचे ताट फिरत असताना कुणी पाकीट बाकावर ठेवून भावाच्या घराकडे चालू लागल्याचे तुम्ही कधी पाहिले आहे काय? मी तरी पाहिलेले नाही. आणि तो उठून न जाणारा माणूस सहा वर्षे मीच होतो, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे.

वडिलांच्या मागे आम्हा दोघा भावांत शेत वाटले गेले. मध्ये बांध राहिला. दादा बांध कोरतो, असा माझा आरोप. मी कोरतो, असा त्याचा. शेवटी सरकारी मोजणी मागवली. मोजणीत निघाले असे की, वरच्या टोकाला त्याचा नांगर माझ्यात हात-दीड हात आला होता, आणि खालच्या टोकाला माझा त्याच्यात तेवढाच गेला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ ही उपमा त्याच प्रवचनाच्या सातव्या अध्यायात आहे, आणि ती मी मुलांना दरवर्षी शिकवतो! कागद हाती आल्यावर दोघांनी हसून मोकळे व्हायचे. आम्ही बोलणेच टाकले. मध्यंतरी आई गेली. तिच्या पेटीला दोघांनी दोन बाजूंनी खांदा दिला, आणि कबरस्तानापर्यंत एकमेकांकडे पाहिले नाही. त्याच महिन्यात दोघांनीही एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतले. पाळकांना ठाऊक होते, पंचांना ठाऊक होते, साऱ्या मंडळीला ठाऊक होते. कुणी हटकले नाही. बाकावर पान खाऊन बसलो असतो तर मात्र त्याच दिवशी माझा पंचांपुढे बोलावा झाला असता.

या बाबतीत आमच्या लोकांकडून जी उत्तरे येतात, ती मला पाठ झाली आहेत. कारण ती मीही दिलेली आहेत.

पहिले उत्तर असे की, ‘हे सारे साधुसंतांसाठी आहे, प्रापंचिकाला पेलणारे नव्हे.’ ज्यांना असे वाटते त्यांनी ते तीन अध्याय एकदा स्वस्थपणे वाचावेत. त्यात समाधी नाही, योग नाही. भावाला शिवी देणे आहे, कोर्टाच्या वाटेवर गाठ पडलेला वादी आहे, दानधर्माची दवंडी आहे, उद्याच्या भाकरीची काळजी आहे, मीठ आहे, दिवा आहे. हे संन्याशाचे सामान की संसाराचे? दिव्याविषयी तर तिथे स्पष्ट म्हटले आहे की तो मापाखाली झाकून ठेवायचा नसतो, दिवठणीवर ठेवायचा असतो, म्हणजे घरातल्या सर्वांना उजेड मिळतो. आधी घरातल्यांना! आमचा दिवा चर्चच्या शिखरावर विजेच्या ताऱ्यासारखा लखलखतो आणि घरात भावजय अंधारात चाचपडते.

दुसरे उत्तर जरा विद्वत्तेचे आहे. ‘तारण विश्वासाने होते, कृत्यांनी नव्हे.’ मान्य. पण हे ज्या पौलाच्या आधारावर बोलायचे, त्याची पत्रे शेवटपर्यंत वाचायची की मध्येच घडी घालून ठेवायची? रोमकरांस पत्राच्या आरंभी विश्वासाची मांडणी आहे, आणि बाराव्या अध्यायापासून पाहुणचार कसा करावा, सूड का घेऊ नये, आपल्याकडून होईल तितके सर्वांशी शांततेने कसे राहावे, हाच पाठ आहे. करिंथच्या मंडळीतले लोक एकमेकांवर फिर्यादी करत, तेव्हा पौलाने त्यांना लाज आणली. त्यापेक्षा नुकसान का सोसत नाही, असे विचारले. आणि आज आमच्या मंडळ्यांच्या जमिनी, इमारती, ट्रस्ट यांवरून वर्षानुवर्षे जे खटले चालतात, त्यात दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी कुणाच्या अर्पणातून जाते, हे सांगायला हवे काय?

लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस येशूकडे येतो आणि म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. आमच्या जिल्ह्यातलाच वाटावा असा तो माणूस! येशू वाटणी करून देत नाही. मला तुमच्यावर न्यायाधीश कुणी नेमले, असे विचारतो आणि सर्वांनाच लोभापासून सांभाळायला सांगतो. मी मोजणीचा कागद उशाशी घेऊन निजत होतो तेव्हा हा उतारा मला अन्यायाचा वाटे. आता वाटतो की त्याने बांधाऐवजी माझीच मोजणी केली.

तिसरे उत्तर सर्वांत चलाख. ‘आम्ही कुणाचे वाईट तर करत नाही ना? मनात काही येते, त्याला इलाज काय?’ मनात आलेला विचार हा वाटसरू असतो, हे मला कबूल आहे. पण त्याला पाट मांडून रोज जेवू घातले की तो वाटसरू राहत नाही, घरजावई होतो. माझा पुतण्या माझ्याच वर्गात होता. मी त्याला कधी मारले नाही, टाकून बोललो नाही. फक्त त्याच्या वहीवर माझी लाल पेन्सिल जरा जड पडे. दुसऱ्या मुलाचा सुटलेला काना मी स्वतः भरून देई. त्याचा गुण कापी. अर्धा गुण, एक गुण. जगात कुणाच्या लक्षात न येणारे हे पाप होते, आणि मी ते वर्षभर जपून केले. पर्वतावरच्या प्रवचनात खुनाची गोष्ट रागापासून का सुरू होते, ते मला त्या वहीने शिकवले.

पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायांना एकचित्त होण्याची विनंती केली आहे. दोघी सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीने झटलेल्या. त्यांच्या भांडणाचे कारण त्याने लिहिलेले नाही. आणि त्याच अध्यायात तो पुढे सांगतो की जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, त्याचे मनन करा. हे मनन म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. ज्याच्याशी बिनसले त्याच्यातले जे खरे आणि चांगले, ते मनात आणून पाहणे, असा मी त्याचा अर्थ घेतो. दादाने माझ्या मॅट्रिकच्या फीसाठी दोन हंगाम परक्याच्या शेतात मजुरी केली होती. सहा वर्षांत ही गोष्ट मी एकदाही मनात आणली नव्हती.

येथे एक इशारा देणे मला अवश्य वाटते. ‘क्षमा करा, सोसा’ हा उपदेश आमच्याकडे नेहमी दुबळ्याला केला जातो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, कमी पगारावर राबणाऱ्या शिपायाला. हे बायबल नव्हे. ही सोय आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्याला आधी एकांतात, मग साक्षीदारांसमोर, मग सगळ्या मंडळीसमोर त्याची चूक दाखवायला सांगितली आहे. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. क्षमेने हिशेब बुडत नाही. ज्याने मारले त्याने आधी वाकायचे असते.

आणि सोयरिकीचे काय? मुलगी पाहायला जाताना आमचे लोक तोंडाने ‘मंडळी कोणती?’ विचारतात, आणि पाठीमागे ‘पूर्वीचे कोण?’ म्हणून चौकशी करतात. याकोबाच्या पत्रात सभेत आलेल्या सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्यांची खरडपट्टी काढली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सर्वांना जागा होती. आम्ही बाप्तिस्मा घेतलेल्यांतही पंगती लावतो. हा ढोंगीपणा आहे, आणि त्याला दुसरा सौम्य शब्द मजपाशी नाही.

आता माझे पुढचे सांगून थांबतो. एके दिवशी वर्गात दोन मुलांची मारामारी झाली. मी नेहमीप्रमाणे दरडावले, ‘घंटा व्हायच्या आत कट्टी सोडा, गट्टी करा!’ पोरांनी करंगळ्या सोडून बोटे जुळवली. मागच्या बाकावरून पुतण्या म्हणाला, “काका, मोठ्या माणसांची घंटा कधी होते?” वर्गात त्याने मला ‘सर’ म्हणायचे, असा माझा दंडक होता. त्या दिवशी तो विसरला.

शनिवारी संध्याकाळी मी दादाकडे गेलो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होते. वहिनींनी बसायला खुर्ची पुढे केली, पाहुण्याला करतात तशी. ते मला लागले आणि लागायलाच हवे होते. दादा मोटरचा स्टार्टर उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, “मोजणीचा कागद आणलास का?” मी म्हणालो, “नाही दादा. वह्या आणल्यात.” पुतण्याच्या वह्या मी पुन्हा तपासल्या होत्या. कुठे काय केले ते त्याला दाखवले. तो बराच वेळ पाने उलटत राहिला. मग म्हणाला, “चहा होईस्तोवर बस.”

एवढेच. गळाभेट झाली नाही. अजूनही आम्ही जपून बोलतो. बांधाच्या दोन्ही अंगांना हातभर जमीन दोघेही नांगरत नाही. तिथे गवत वाढते आणि ते दादाची म्हैस खाते. तिचे दूध माझ्याकडे येते.

पाळकांना आणि पंचांना माझी एकच मागणी आहे. पुढच्या प्रभुभोजनाआधी, अर्पणाचे ताट फिरवण्याआधी, पाच मिनिटे थांबा. दरवाजा उघडा ठेवा. ज्याला उठून जायचे आहे त्याला जाऊ द्या, आणि तो परत येईपर्यंत उपासना खोळंबली तर खोळंबू द्या. आणि वाचकहो, तुमचा धर्म कोणताही असो, यंदा भाऊबीजेच्या दिवशी ज्या घरी जायचे तुम्ही टाळणार आहात, त्या घरी आधी जा. चहा होईस्तोवर बसा.