कुंचला आणि खतावणी

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेच्या आवारांत अपंग तरुणतरुणींनीं केलेल्या वस्तूंची लहानशी विक्री भरली होती. रंगविलेल्या पणत्या, शुभेच्छापत्रें, कापडी पिशव्या अशा कितीतरी वस्तू मेजांवर मांडल्या होत्या. एक सद्गृहस्थ आले, त्यांनीं शंभराची नोट पेटींत टाकली, मेजामागें बसलेल्या तरुणाच्या पाठीवरून हात फिरविला, आणि एकहि पत्र न घेतां ते पुढें निघाले. त्या तरुणाचे पाय अधू होते. हात मात्र उत्तम चालत होते. त्यानें हांक मारली, "काका, आपलीं पत्रें राहिलीं." सद्गृहस्थ हंसून म्हणाले, "असूं दे, तुलाच ठेव." पत्रें मेजावरच राहिलीं. त्या तरुणाच्या मुद्रेवर जें दिसलें, त्यास कृतज्ञता म्हणतां येणार नाहीं.

ह्या सद्गृहस्थांच्या मनांत कांहीं वाईट होतें असें नव्हे. परंतु त्यांनीं विकणारास याचक ठरविलें, आणि तेंहि तो आपल्या हातचें काम घेऊन बाजारांत बसला असतांना. दया करणारा मनुष्य बहुधा एकदांच येतो. माल पसंत पडलेलें गिऱ्हाईक पुन्हां येतें, आणि येतांना आणखी चार गिऱ्हाइकें घेऊन येतें. ज्याला आपल्या कलेवर जन्मभर पोट भरावयाचें आहे, त्याला ह्या दुसऱ्या प्रकारच्या माणसाची गरज आहे. म्हणून अपंग कलावंतास कलेबरोबर धंद्याचेंहि शिक्षण मिळालें पाहिजे, असें माझें मत आहे. आणि तेंच ह्या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावयाचें आहे.

विक्री संपल्यावर मी त्या तरुणाजवळ जाऊन बसलों व पत्राची किंमत वीस रुपये कशी ठरली, असें त्यास विचारलें. "बाईंनीं सांगितली," तो म्हणाला. कागदास किती पडले, रंगास किती, एका पत्रास वेळ किती लागतो, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. चित्र काढावयास त्याला कोणीतरी मनापासून शिकविलें होतें. त्या चित्राचा हिशेब मांडावयास कोणीच शिकविलें नव्हतें.

हा हिशेब किती महत्त्वाचा आहे, हें एका साध्या उदाहरणानें कळेल. समजा, एका चित्रकारानें आपलें चित्र १,५०० रुपयांस विकलें. कापड व रंग यांस ३५० रुपये लागले, चौकटीस ४५०, प्रदर्शनापर्यंत नेण्याआणण्यास रिक्षाचे २००, आणि प्रदर्शन भरविणारानें तिसऱ्या हिश्श्याची दलाली घेतली तिचे ५००. बेरीज बरोबर १,५०० होते. सहा दिवसांच्या श्रमाचा मोबदला शून्य! धडधाकट चित्रकार तेंच चित्र काखेंत मारून बसनें जाईल. चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्यास रिक्षाच करावी लागते, व कित्येकदां बरोबर माणूसहि न्यावें लागतें. तो खर्च किमतींत धरला नाहीं, तर तो घरच्यांच्या खिशांतून जातो; आणि मग "हें रंगांचें खूळ आतां पुरे" असें घरांतूनच ऐकावें लागतें. २०११ च्या जनगणनेंत आपल्या देशांत सुमारें २ कोटि ६८ लक्ष अपंग मोजले गेले. त्यांतील प्रत्येक जण कलावंत नाहीं, हें उघड आहे. पण जे आहेत त्यांची कला केवळ जमाखर्च न आल्यामुळें वायां जावी, ही खेदाची गोष्ट होय.

ह्या बाबतींत युरोपांतील एक उदाहरण बोधप्रद आहे. आर्नुल्फ एरिख श्टेगमान हा जर्मन चित्रकार १९१२ सालीं जन्मला. लहानपणींच पोलिओनें त्याचे हात निकामी झाले, तेव्हां तो तोंडांत कुंचला धरून चित्रें काढावयास शिकला. एवढ्यावरच तो थांबता, तर लोक त्याचें कौतुक करते आणि त्यास विसरूनहि जाते. परंतु त्यानें आपल्या चित्रांच्या छापील प्रती काढून विकण्याचा उद्योग उभारला, आणि १९५६-५७ च्या सुमारास आपल्यासारख्या चित्रकारांना एकत्र करून, तोंडानें व पायानें चित्रें काढणाऱ्या कलावंतांची संस्था लिक्टेनस्टाइन ह्या चिमुकल्या देशांत स्थापिली. मूळ चित्र एकदांच विकलें जातें. पण त्याच चित्राचीं शुभेच्छापत्रें हजारोंनीं विकतां येतात, हें धंद्याचें मर्म त्यानें ओळखलें होतें. दान नको, स्वावलंबन हवें, हें त्या संस्थेचें ब्रीद आहे. शिकाऊ चित्रकारांस ती शिष्यवृत्ति देते. पूर्ण सभासदत्व मात्र ज्याचें काम धडधाकट चित्रकाराच्या तोडीचें ठरेल त्यासच मिळतें. तें एकदां मिळालें म्हणजे पुढें प्रकृति बिघडून चित्रें काढणें बंद पडलें तरी त्याची मिळकत चालू राहते. ह्या संस्थेचें काम आपल्या मुंबईंतूनहि चालतें. परीक्षा कडक आणि मिळकत पक्की, ह्या दोन गोष्टी तिनें एकत्र आणल्या; दयेला त्या कधींच एकत्र आणतां आल्या नसत्या.

आपल्या देशांतील थोर चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टि लहानपणापासून अधू होती. तरी १९४६-४७ सालीं शांतिनिकेतनांतील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनीं मध्ययुगीन संतांचें विशाल चित्र रंगविलें. पुढें डोळ्यांवरील शस्त्रक्रियेनंतर ते पूर्ण अंध झाले. तरीहि कागद कातरून व चिकटवून ते चित्रें घडवीत राहिले. त्यांच्या धैर्याची ही गोष्ट आपण मुलांस सांगतों, व ती सांगावीच. परंतु तिचा दुसरा भाग सांगावयाचें विसरतों. शांतिनिकेतनांत त्यांस कला शिकविण्याचें काम होतें. म्हणजे पायांखालीं भूमि होती. ती प्रत्येकास लाभत नाहीं. ज्याला असा आधार नाहीं, त्याला बाजाराचा आधार घ्यावा लागतो, आणि बाजाराची रीत शिकावी लागते.

ही रीत कठीण नाहीं. किंमत काढणें हा तिचा पहिला धडा. दुसरा धडा कराराचा. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्रकारानें स्वतःच्या कल्पनेनें काढलेलें चित्र विकलें, तरी त्याच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाहीं. तो हक्क देणें तर लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची धरतात. मात्र दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढलें, तर उलट करार नसल्यास तो हक्क सांगणाऱ्याकडे जातो. एवढे चार नियम ज्यास ठाऊक आहेत, त्याचें चित्र कोणी दिनदर्शिकेवर छापून त्याच्या हातीं नुसता हार ठेवूं शकणार नाहीं. तिसरा धडा हंगामाचा. पणत्या, आकाशकंदील, राख्या यांची विक्री वर्षांतून दोन-तीन महिने होते; त्या कमाईवर बारा महिने कसे काढावे, पुढच्या कच्च्या मालासाठीं किती बाजूस ठेवावें, घरखर्च व धंदा यांच्या वह्या वेगळ्या कां असाव्या, हें शिकावें लागतें. चौथा धडा सर्वांत जुना: दिलेल्या तारखेस माल पोंचता करणें.

कोणी म्हणेल, व्यापाराच्या स्पर्शानें कला मळते. परंतु वीणा घडविणारा, मूर्ति घडविणारा, पैठणी विणणारा हे सर्व आपल्या कामाचें मोल घेतच आले आहेत. त्यानें त्यांची कला उणी झाली नाहीं. उपाशी कलावंताची कला मात्र लवकर थकते. दुसरा कोणी म्हणेल, हें सरकारचें काम आहे. सरकारनें कांहीं केलें नाहीं असें नाहीं. अपंगांस सवलतीच्या व्याजानें कर्ज देणारें राष्ट्रीय महामंडळ १९९७ पासून आहे. २०१६ च्या कायद्यांत त्यांच्या व्यवसायशिक्षणाची, व अपंग कलावंतांस साहाय्य देण्याचीहि तरतूद आहे. २०२२ पासून निरनिराळ्या शहरांत 'दिव्य कला मेळा' भरविला गेला आहे. परंतु ज्यास जमाखर्च येत नाहीं, त्याला कर्ज म्हणजे ओझें, आणि मेळा म्हणजे चार दिवसांची गर्दी. शिवाय हें शिक्षण देणारानेंहि विचार केला पाहिजे. तीन जिने चढून जावें लागणारा वर्ग, अंधासाठीं फळ्यावर मांडलेला हिशेब, बहिऱ्यासाठीं तोंडी व्याख्यान, अशा शिक्षणाचा उपयोग कोणास होणार?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील जे व्यापारशास्त्राचा अभ्यास करतात, त्यांनीं सुटीच्या दिवशीं अशा एखाद्या कलावंताजवळ बसून त्याची वही मांडून द्यावी. मात्र वही त्याच्याच हातीं ठेवावी. पालकांस माझी विनंती आहे कीं, घरांत अपंग मूल असेल तर त्याला रंगपेटीबरोबर हिशेबाची वहीहि द्यावी, आणि बाजारांतून रंग आणावयाचे असतील तर शक्य तेव्हां त्यालाच बरोबर न्यावें. आपल्या सणसमारंभांत अपंग गायकास बोलवावयाचें झालें, तर बिदागी आधीं ठरवावी; "लोकांपुढें येण्याची संधि मिळेल" एवढें सांगून त्याची बोळवण करूं नये.

पुढील विक्रीच्या वेळीं तो तरुण पुन्हां बसणार आहे. ह्या वेळीं किमती त्यानें स्वतः काढल्या आहेत, आणि पत्राची किंमत वीसाऐवजीं पस्तीस रुपये झाली आहे. ज्यास ती अधिक वाटेल त्यानें तसें त्याला सांगावें. तो हिशेब दाखवील. ज्यास पत्र आवडणार नाहीं त्यानें तें घेऊं नये. पण ज्यानें पैसे दिले, त्यानें आपलें पत्र उचलून घरीं न्यावें.

— एक शिक्षक